विश्लेषण : चिमुकल्यांचा ‘भुंकणारा’ खोकला कधी घरी सांभाळावा, कधी रुग्णालय गाठावे?

दिवसभर किरकोळ सर्दी असलेले दीड-दोन वर्षांचे मूल मध्यरात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखे खोकू लागते, श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो आणि सारे घर जागे होते. ‘क्रूप’ नावाचा हा आजार बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन दिवसांत ओसरतो. काही मुलांत मात्र श्वासमार्ग धोकादायक पातळीपर्यंत अरुंद होतो. तो संपल्यावरही साधा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि पालकांचा हात कफ सिरपच्या बाटलीकडे जातो. या दोन्ही टप्प्यांत नेमके काय पाहावे आणि काय टाळावे, याविषयी...

क्रूप म्हणजे काय?

स्वरयंत्र आणि त्याच्या लगेच खाली असलेली श्वासनलिका यांना विषाणूंच्या संसर्गामुळे सूज येते, त्या स्थितीला क्रूप म्हणतात. त्यामागे सर्वाधिक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा गटातील विषाणू असतो. फ्लू, आरएसव्ही, अ‍ॅडिनो आणि करोना विषाणूंमुळेही तो होऊ शकतो. ओमायक्रॉनच्या लाटेत क्रूप झालेली करोनाबाधित मुले जगभरातील बालरोगतज्ज्ञांना दिसली होती. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांत हा आजार प्रामुख्याने आढळतो. वयाच्या दुसऱ्या वर्षात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि सहा वर्षांनंतर तो क्वचितच होतो.

आजाराचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी एक-दोन दिवस नाक वाहते, हलका ताप येतो. मग आवाज बसतो आणि रात्री भुंकल्यासारखा खोकला सुरू होतो. डांग्या खोकल्याशी त्याची अनेकदा गल्लत होते. डांग्या खोकल्यात एकामागून एक उबळी येतात आणि उबळ संपताना मूल ‘हूप’ असा आवाज करत श्वास ओढते. तो आठवडेच्या आठवडे चालतो. घटसर्पातही घसा अडतो, पण त्यात घशात राखाडी पडदा दिसतो. या दोन्ही आजारांवर राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात लस आहे. पॅराइन्फ्लुएन्झावर मात्र अद्याप लस नाही.

भुंकल्यासारखा आवाज का येतो?

स्वरयंत्राच्या खाली कूर्चेचे एक पूर्ण कडे असते. सूज आली की ते बाहेरच्या बाजूला पसरू शकत नाही, त्यामुळे आतली जागाच कमी होते. लहान मुलाच्या श्वासनलिकेची आतली रुंदी साधारण चार मिलिमीटर धरली आणि सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली, तर रुंदी दोन मिलिमीटर उरते. म्हणजे हवा जाण्याची जागा निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश राहते. तेवढीच सूज आठ मिलिमीटर रुंदीच्या नलिकेत आली, तर निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते. म्हणूनच ज्या विषाणूने आई-वडिलांचा फक्त आवाज बसतो, तोच विषाणू मुलाची झोप उडवतो.

सुजलेल्या स्वरतंतूंमधून हवा जोरात बाहेर पडली की भुंकल्यासारखा आवाज होतो. श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज हा अरुंद झालेल्या जागेतून हवा ओढली जात असल्याची खूण असते. दम्यात ऐकू येणारी शिट्टी याहून वेगळी. ती बहुधा श्वास सोडताना येते. त्रास रात्री का वाढतो याचे ठाम उत्तर नाही. शरीरातील सूज आटोक्यात ठेवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण रात्री कमी असते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

घरी लगेच काय करावे?

सर्वांत आधी मुलाला शांत करावे. रडताना मूल जोरात श्वास ओढते, त्यामुळे आधीच अरुंद झालेली जागा आणखी आक्रसते आणि कर्कश आवाज वाढतो. मुलाला मांडीवर उभे धरून बसवावे. ज्या स्थितीत त्याला बरे वाटते त्याच स्थितीत राहू द्यावे, जबरदस्तीने आडवे करू नये. घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध द्यावे, मोठ्या मुलाला घोट घोट पाणी पाजावे. ताप असल्यास डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते.

आपल्याकडे सर्दी-खोकला म्हटले की वाफ आलीच. मात्र क्रूपमध्ये दमट हवेचा उपयोग होतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मूल भाजण्याचा धोका खरा असतो. कापूर असलेले मलम लहान बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीला लावू नये. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

थंड हवेचे काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. जिनिव्हामध्ये क्रूप झालेल्या ११८ मुलांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना स्टेरॉइडची मात्रा दिल्यानंतर निम्म्या मुलांना अर्धा तास १० अंश सेल्सियसपेक्षा थंड असलेल्या बाहेरच्या हवेत, तर उरलेल्यांना आत ठेवण्यात आले. बाहेरच्या ४९ टक्के मुलांची लक्षणे अर्ध्या तासात कमी झाली. आतल्या मुलांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होते. फायदा सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या मुलांत दिसला. मुंबई किंवा कोकणात एवढी थंडी पडत नाही. नाशिक-पुण्यातील हिवाळ्यात खिडकीजवळ किंवा गॅलरीत मुलाला नीट गुंडाळून उभे राहता येईल. पण तो उपचाराला पर्याय नाही. पंखा किंवा वातानुकूलित यंत्राचा झोत थेट तोंडावर सोडू नये.

हाताशी मोबाइल असतोच. मुलाच्या श्वासाचा आणि उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडीओ काढून ठेवावा. सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्रास अनेकदा कमी झालेला असतो. अशा वेळी डॉक्टरांना रात्रीचा आवाज ऐकवणे निदानासाठी उपयोगी ठरते.

रुग्णालय तातडीने कधी गाठावे?

खोकल्याचा आवाज किती मोठा आहे, यावरून आजाराची तीव्रता कळत नाही. ती श्वासावरून कळते. मूल रडत नसताना, शांत बसलेले असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल, तर थांबू नये. श्वासागणिक गळ्याखाली किंवा बरगड्यांमध्ये खड्डा पडणे, ओठ निळसर किंवा चेहरा पांढुरका पडणे, दूध-पाणी पिता न येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. लाळ गिळता न येऊन ती गळत राहणे आणि त्यासोबत जास्त ताप असणे, हे घशातील अन्य गंभीर संसर्गाचे लक्षण असू शकते. सतत अस्वस्थ असलेले मूल एकाएकी मलूल आणि गप्प झाले, तर ‘आता झोपले, बरे वाटत असेल’ असे समजू नये. ते थकल्याचे चिन्ह असू शकते. सर्दी-ताप काहीही नसताना खेळता खेळता किंवा खाता खाता अचानक घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा, फुटाणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकल्याची शक्यता लक्षात घ्यावी.

यापैकी काहीही दिसल्यास जवळच्या बालरुग्ण विभागात न्यावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सहा महिन्यांखालील बाळाला असा त्रास झाल्यास लक्षणे सौम्य वाटली तरी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टर कोणते उपचार करतात?

मुख्य औषध डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. त्याची बहुधा एकच मात्रा तोंडावाटे पुरते; मूल ती घेऊ शकत नसेल तर इंजेक्शन दिले जाते. स्टेरॉइड म्हटले की पालक धास्तावतात, पण धोका प्रामुख्याने दीर्घकाळच्या वापरात असतो. सौम्य क्रूप असलेल्या ७२० मुलांवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध मिळालेल्या सुमारे सात टक्के मुलांना पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे लागले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. औषधाचा परिणाम साधारण दोन तासांत दिसू लागतो. मात्र मात्रा वजनानुसार ठरते. त्यामुळे मागच्या वेळची उरलेली बाटली काढून स्वतःच औषध देणे योग्य नाही.

त्रास अधिक असल्यास नेब्युलायझरमधून अ‍ॅड्रिनॅलिन दिले जाते. त्याने सूज काही मिनिटांत उतरते, पण परिणाम दोनेक तासांत ओसरतो. म्हणूनच मूल खेळू लागले तरी डॉक्टर दोन ते चार तास थांबवून ठेवतात. त्या वेळी ‘आता बरे आहे, घरी जातो’ असा आग्रह पालकांनी धरू नये. घरातल्या नेब्युलायझरमधून दिले जाणारे दम्याचे औषध क्रूपच्या सुजेवर चालत नाही. आजार विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांचाही उपयोग नसतो.

बरे झाल्यावरही खोकला का राहतो?

भुंकणारा खोकला दोन-तीन दिवसांत जातो, पण श्वासमार्गाचे अस्तर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. तोवर धूळ, धूर, थंड हवा, धावपळ किंवा हसण्यानेही खोकला सुटतो. मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या अभ्यासांनुसार निम्म्या मुलांचा खोकला साधारण १० दिवसांत थांबतो. ९० टक्के मुलांचा थांबायला सुमारे २५ दिवस लागतात. त्यातच पाळणाघर किंवा अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. एक खोकला संपत आला की दुसरी सर्दी सुरू होते आणि ‘दोन महिने खोकला जातच नाही’ असे वाटू लागते. मध्ये काही दिवस तरी मूल पूर्ण बरे होते का, हे तारखांनिशी लिहून ठेवल्यास डॉक्टरांना फरक कळतो.

चार आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, रोज येणारा ओला, कफाचा खोकला आणि वारंवार होणारा क्रूप यांची तपासणी आवश्यक असते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, जोडीला वजन न वाढणे किंवा घरात क्षयरुग्ण असणे, अशा स्थितीत क्षयरोगाची चाचणी करून घ्यावी.

कफ सिरप का नको?

खोकला हे श्वासमार्ग स्वच्छ ठेवण्याचे शरीराचे साधन आहे. लहान मुलांत कफ सिरपने तो लवकर थांबतो याचा भक्कम पुरावा नाही. गुंगी, हृदयाचे ठोके वाढणे असे दुष्परिणाम मात्र होऊ शकतात. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे निर्देश औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी सिरपमुळे वीसहून अधिक बालकांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यातील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले होते. सिरपच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के आढळले; त्याची मर्यादा ०.१ टक्के आहे. ऑक्टोबर २०२५ मध्येच केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्याची शिफारस नाही, असे स्पष्ट केले.

मग करायचे काय? एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध देता येतो. रात्रीचा खोकला त्याने काहीसा कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवूही नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. नाक चोंदल्यास सलाइनचे थेंब घालावेत आणि पाणी, पेज, वरणाचे पाणी असे पातळ पदार्थ वारंवार द्यावेत. मूल झोपते त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल आणि विडी-सिगारेटचा धूर नसावा. चूल असेल तर मुलाला तिच्यापासून दूर ठेवावे. लसीकरणाचे कार्डही एकदा काढून पाहावे : १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा डीपीटीचा बूस्टर अनेकदा ‘सर्दी आहे, नंतर बघू’ म्हणून राहून जातो.