वाटीची चाकोरी

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी आपली प्रेयसी मुक्ताम्बाळ हिच्या स्मरणार्थ १८०२ साली जे अन्नछत्र बांधविले, त्याच्या एका अंगास घोडे जुंपलेल्या रथाची घडण दिलेली आहे; आणि ज्या मुलखात कबड्डीचे वेड गावोगाव आहे, तेथे गुडघा धरून मैदानाबाहेर बसलेल्या तरुणाचे दुखणे समजावून सांगण्यास या रथाइतका सोयीचा दृष्टांत नाही.

सुश्रुताने ज्या अस्थीची गणना ‘कपाल’ वर्गात केली आणि आपण जिला गुडघ्याची वाटी म्हणतो, ती मांडीच्या हाडावरील खाचेतून, चाकाने चाकोरीतून जावे तशी, वरखाली सरकते. तिला ओढणारा चतुःशिरस्क स्नायू म्हणजे चार घोड्यांची जोडणीच; त्यांतील आतल्या अंगाचा दुबळा पडला, किंवा कुल्ह्याचे स्नायू शिथिल असल्यामुळे मांडीच आत वळली, की वाटी बाहेरच्या बाजूस रेटली जाते. जिना चढता-उतरताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे ३ पट आणि खोल बैठकीत ७ ते ८ पट भार येतो, हे ध्यानी घेता तिची कुरकुर अवाजवी म्हणवत नाही!

उपाय मात्र चाकूचा नव्हे, आणि सक्तीच्या विश्रांतीचाही नव्हे, कारण निजवून ठेवलेले घोडे अधिकच दुबळे होतात. कुल्हा व मांडी या दोहोंचा व्यायाम एकत्र करविणे, बैठक आरंभी उथळ ठेवून क्रमाक्रमाने खोल नेणे, हीच आज सर्वमान्य झालेली चिकित्सा होय. ऑस्ट्रेलियातील जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ साली मांडलेली, वाटीवर चिकटपट्टी लावण्याची युक्ती काही काळ वेदना हलकी करते, इतकेच तिचे काम.

वाटी एकदा निखळलीच, तर हाडाचा वा कूर्चेचा कपचा सुटलेला नाही याची खातरजमा करून बहुधा व्यायामाच्याच मार्गाने जावे लागते. गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटी खाचेत पुरती बसलेली नसते, म्हणून धोका तेथेच अधिक, आणि पुनःपुन्हा निखळणाऱ्या वाटीस मात्र शल्यवैद्य गाठावा लागतो.

धन्वंतरी महाल या आपल्या चिकित्सालयात रोग्यांच्या नोंदी राखविणाऱ्या सरफोजींस ही चिकित्सा रुचली असती. कारण आज किती बैठका झाल्या, दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले की रेंगाळले, याची रोजकीर्द ठेवल्यावाचून उद्याचा भार ठरविताच येत नाही.