नासी गोरेंग घरी करायचाय? आधी शिळ्या भाताचं गणित समजून घ्या

रात्रीचे साडेआठ वाजलेत. स्वयंपाकाचा कंटाळा आलाय आणि बोट डिलिव्हरी ॲपवर आहे. फ्रिजमध्ये मात्र कालचा भात, दोन अंडी आणि अर्धा कोबी पडून आहे. अशा वेळी मराठी घरात फोडणीचा भात होतो. इंडोनेशियात नासी गोरेंग होतो.

या भाताचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. पण रील बघून केलेला भात घरी बऱ्याचदा गिचका होतो. शिवाय शिळा भात वापरण्यात एक धोकाही असतो, ज्याबद्दल रीलमध्ये फारसं कुणी बोलत नाही. दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

नासी गोरेंग म्हणजे नेमकं काय?

नासी म्हणजे शिजलेला भात आणि गोरेंग म्हणजे तळलेला किंवा परतलेला. भात असा परतण्याची पद्धत चिनी व्यापाऱ्यांसोबत या बेटांवर आली, असं मानलं जातं. चव मात्र पूर्णपणे तिथली आहे. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने पाच राष्ट्रीय पदार्थ जाहीर केले. त्यात सोतो, रेंदांग, साते आणि गाडो-गाडोच्या जोडीला नासी गोरेंगही होता.

रात्रीचा उरलेला भात सकाळी न्याहारीला परतायचा, ही तिथल्या घरांची रीत. संध्याकाळनंतर तोच भात हातगाड्यांवर मिळतो. काही गाडीवाले कढईवर ठोके देत गल्लीतून फिरतात. त्या आवाजावरून त्यांच्या भाताला 'नासी गोरेंग तेक-तेक' असं नाव पडलंय.

शेजारच्या देशांतही असे भात आहेत. थायलंडच्या 'खाओ फात'मध्ये फिश सॉस असतो आणि वरून लिंबू पिळतात. फिलिपिन्सचा 'सिनांगाग' म्हणजे भरपूर लसूण घालून परतलेला भात.

मग आपल्या गाडीवरच्या फ्राइड राइसपेक्षा वेगळं काय?

मुख्य फरक दोन गोष्टींचा.

पहिली गोष्ट 'केचप मानिस'. हा घट्ट, गोड सोया सॉस असतो. त्यात माडासारख्या झाडांच्या रसाचा गूळ घालतात. भाताला तपकिरी रंग आणि किंचित करपलेली गोडी यामुळे येते. बाटली मिळाली नाही तर २ मोठे चमचे सोया सॉसमध्ये २ मोठे चमचे चिरलेला गूळ घालून मंद आचेवर २-३ मिनिटं उकळा. गोव्यात मिळणारा माडाचा काळा गूळ मिळाला तर फारच उत्तम, कारण तो मूळ चवीच्या जवळ जातो.

दुसरी गोष्ट 'तरासी', म्हणजे बारीक कोळंबी आंबवून केलेला गोळा. आपण कोकणात ज्याला जवळा म्हणतो, त्याच जातकुळीची ही कोळंबी. आपण ती सुकवतो, तिथे ती आंबवतात. म्हणून घरी अर्धा चमचा सुका जवळा भाजून, कुटून घातला तरी काम भागतं. चव अगदी तीच येणार नाही, पण दिशा बरोबर असेल. शाकाहारी असाल तर हे वगळा आणि थोडे मशरूम परतून घाला.

शिळाच भात का लागतो?

तांदूळ शिजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. भात थंड झाला की स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात आणि दाण्याचा पृष्ठभागही सुकतो. असा दाणा कढईत सुटा राहतो. गरम, ओलसर भात मात्र वाफ सोडतो, म्हणजे तो परतला न जाता पुन्हा शिजतो.

तांदळाची निवडही महत्त्वाची. कोलम, सोना मसुरी किंवा बासमती चालेल. इंद्रायणी आणि आंबेमोहोर चिकट असल्यामुळे टाळा.

शिळा भात नसेल तर? नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून भात शिजवा, परातीत पसरा आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवा.

आणि धोका कुठे आहे?

कच्च्या तांदळावर 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात उकळला तरी ते तग धरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे ओट्यावर रात्रभर राहिलेला भात सकाळी कितीही कडक परतला, तरी तो सुरक्षित होत नाही. त्रास साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतो. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेस्टॉरंटमधल्या फ्राइड राइसमुळे अशा विषबाधा झाल्याचं समोर आलं होतं.

"आमच्याकडे वर्षानुवर्षं बाहेर ठेवलेला भात खातात, काही होत नाही," असं कुणी म्हणेल. दरवेळी त्रास होतोच असं नाही, हे खरं. पण भाताचा वास किंवा रंग पाहून विष आहे की नाही, हे कळत नाही.

ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा सल्ला सोपा आहे: भात शक्यतो तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा. कुकरमध्ये झाकून ठेवलेला भात मधून बराच वेळ कोमट राहतो, म्हणून तो आधी पसरा. रात्रभर बाहेर राहिलेला भात सरळ टाकून द्या.

दोघांसाठी, २० मिनिटांत

१. ४-५ छोटे कांदे, ४ लसूण पाकळ्या, २ लाल मिरच्या आणि जवळा जाडसर वाटून घ्या.

२. फ्रिजमधला ३ वाट्या भात हाताने मोकळा करा. कढईत शिरल्यावर गुठळ्या फुटत नाहीत.

३. लोखंडी कढई चांगली तापवा. २ चमचे तेलात वाटण कच्चा वास जाईपर्यंत परता.

४. चिकन किंवा कोळंबी घालणार असाल तर आता घालून पूर्ण शिजवा. मग कोबी, गाजर घाला.

५. आच मोठी करून भात घाला. सगळा भात कडकडीत गरम व्हायला हवा. कढई लहान असेल तर दोन घाण्यांत करा, कारण गर्दी झाली की वाफ धरते.

६. गोड सोया सॉस कढईच्या कडेने सोडा. चव पाहूनच मीठ घाला.

वर तळलेलं अंडं हवंच. इंडोनेशियात त्याला 'तेलूर माता सापी' म्हणतात, म्हणजे 'गायीच्या डोळ्यासारखं अंडं'. सोबत काकडीच्या चकत्या आणि तिथल्या 'क्रुपुक'ऐवजी आपला पापड.

एक शेवटची गोष्ट. भात एकदाच गरम करायचा असतो. शिळा भात परतला की ती संधी संपली. त्यामुळे हा भात उद्याच्या डब्यासाठी ठेवू नका, पुरेल तेवढाच करा.