अतिदाबाला वाट देण्याची विद्या : बंगळुरूच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

परिपथ ज्या वीजदाबासाठी बांधलेला असतो त्याहून अधिक दाब त्याच्या टोकांवर आला, की त्या स्थितीस अतिदाब म्हणतात. अतिदाबाचे दोन प्रकार मानले जातात. एक क्षणिक, जो सेकंदाच्या काही लाखाव्या भागात येऊन जातो आणि ज्याचे मूळ बहुधा आकाशातील विजेत किंवा मोठी यंत्रे बंद-चालू होण्यात असते; दुसरा रेंगाळणारा, जो काही मिनिटे किंवा काही तास टिकतो आणि ज्याचे मूळ वितरणाच्या तारांतील बिघाडात असते. पहिल्याला रोखणारा घटक दुसऱ्यापुढे जळून जातो आणि दुसऱ्याला तोडणारा घटक पहिल्यासाठी फार संथ ठरतो, म्हणून या दोहोंतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय संरक्षणाचा इतिहास समजत नाही. जलविद्युत, उच्चदाबाचे संशोधन, इलेक्ट्रॉनिक उत्पादन, उपग्रह आणि चिपचा आराखडा ही सारी पर्वे एकापाठोपाठ एक ज्या शहरात घडली, त्या बंगळुरूत हा इतिहास सलगपणे पाहता येतो.

त्याचा आरंभ कावेरीवरील शिवनसमुद्र येथे होतो. १९०२ मध्ये तेथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली. सुमारे १४७ किलोमीटर लांबीची आणि तीस हजार व्होल्टांच्या घरातील दाबाची ती तार त्या काळातील जगातील सर्वांत लांब वीजवाहक तारांपैकी एक होती. १९०५ च्या ऑगस्टमध्ये याच केंद्राच्या विजेने बंगळुरूचे रस्ते उजळले. उघड्या पठारावरून जाणारी इतकी लांब तार वळवाच्या वादळांना आपोआपच सामोरी जाते, आणि त्या काळी तिच्या रक्षणाचा मुख्य उपाय म्हणजे हवेतील फट होता. तार आणि जमीन यांच्यामध्ये शिंगांसारखे वाकवलेले दोन धातुदंड ठेवले जात; नेहमीच्या दाबाला त्यांच्यामधील हवा पुरून उरे, परंतु वीज कोसळली की फटीत ठिणगी पडून तिचा भार जमिनीत उतरे आणि ठिणगीची ज्योत शिंगांवरून वर सरकत लांबत जाऊन अखेर विझे. जादा दाबाला अडवू नये, त्याला जमिनीकडे जाणारी दुसरी वाट द्यावी, हे तत्त्व या साध्या रचनेत पूर्णपणे आलेले होते. मात्र येथे रक्षण होते ते तारेचे आणि जनित्राचे. विजेच्या टोकाला तेव्हा दिवे आणि मोटारी होत्या, आणि काही क्षणांचा जादा दाब त्यांना सोसत असे.

पुढील अर्धशतकात या विषयाला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युततंत्राचे अध्यापन सुरुवातीच्या वर्षांतच सुरू झाले आणि पुढे तेथे उच्चदाब अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. १९६० मध्ये केंद्रीय विद्युत संशोधन संस्थाही याच शहरात आली. अशा प्रयोगशाळांतील मुख्य साधन म्हणजे आवेग जनित्र. अनेक संधारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, समांतर जोडून भरायचे आणि ठिणगीच्या फटींद्वारे एका क्षणात एकापुढे एक जोडून रिकामे करायचे, ही जर्मन अभियंता एर्विन मार्क्स याने १९२० च्या दशकात मांडलेली युक्ती त्यामागे आहे. तिच्यामुळे आभाळातील विजेची नक्कल खोलीत करता येऊ लागली आणि तिचे मापही ठरले : सुमारे १.२ मायक्रोसेकंदांत शिखर गाठणारी आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरणारी दाबाची लाट आजही जगभर कसोटीची लाट मानली जाते. जे आजवर दैवाधीन वाटत होते ते मोजता येऊ लागले, आणि संरक्षणाच्या दृष्टीने हा पालट कोणत्याही एका घटकाच्या शोधाइतकाच मोलाचा होता.

याच सुमारास शहरातील कारखाने वाढत होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी १९४६ मध्ये बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी सुरू केली आणि मोटारी, जनित्रे व रोहित्रे येथे बनू लागली. मोटारीच्या वेटोळ्यांत चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. मोटार अकस्मात तोडली की त्या ऊर्जेला कोठेतरी जावे लागते आणि ती तारांवर तीव्र दाबाच्या उसळीच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे उद्योगनगरीत अतिदाबाचा उगम आभाळापुरता राहत नाही. शेजारच्या गाळ्यातील यंत्रसुद्धा तो निर्माण करते.

या उसळ्यांना बळी पडणारे नाजूक घटकही त्याच शहरात तयार होऊ लागले. १९५४ मध्ये जालहळ्ळी येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे आणि १९६२ मध्ये जर्मेनियमच्या अर्धवाहक घटकांचे उत्पादन सुरू केले. १९६७ पासून सिलिकॉनचे घटकही तेथे बनू लागले. व्हॉल्व्हच्या काचेच्या नळीत शेकडो व्होल्टांचा दाब नित्याचाच असे आणि क्षणभराची उसळी तिला सहसा इजा करत नसे. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र सारे काम केसाहून पातळ थरांत चालते आणि मर्यादा ओलांडल्यावर तो मायक्रोसेकंदांत निकामी होतो. तोवर संरक्षण उपकरणाच्या बाहेर होते. आता ते उपकरणाच्या आत, वीजपुरवठ्याच्या मंडलात आणावे लागले.

या गरजेचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकात रूढ झालेली ५ व्होल्टांची अंकीय मंडले. त्या काळच्या प्रचलित तर्कपरिपथांना ४.७५ ते ५.२५ व्होल्टांमध्ये चालायचे असे आणि ७ व्होल्ट ही त्यांची अखेरची सीमा असे. पुरवठ्यातील नियामक ट्रान्झिस्टर बिघडताना बहुधा आतून जुळून जातो, म्हणजे त्याची दोन टोके थेट एकमेकांशी जोडली जातात, आणि मग त्याच्या मागे असलेले आठ-दहा किंवा अधिक व्होल्ट अडथळ्याविना पुढच्या साऱ्या चिपवर येतात. अशा वेळी एका स्वस्त घटकाच्या मृत्यूने संपूर्ण मंडल नष्ट होई, आणि आयातीवर कडक परवाने असलेल्या त्या काळात एक चिप बदलण्यासाठीही दीर्घ प्रतीक्षा करावी लागे. त्यावरील उपायाला तंत्रज्ञ ‘क्रोबार’ म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत पहार. दाब ठरावीक सीमेपुढे गेल्याचे झेनर डायोड ओळखतो; हा डायोड ठरावीक दाबापर्यंत उलट दिशेचा प्रवाह अडवतो आणि त्यापुढे तो वाहू देतो. त्याच्या इशाऱ्याने थायरिस्टर हे अर्धवाहक कळसाधन जागे होते आणि पुरवठ्याच्या दोन टोकांवर लोखंडी पहार आडवी टाकावी तसे त्यांना जोडून टाकते. दाब शून्याजवळ कोसळतो, वाढलेल्या प्रवाहाने फ्यूज वितळतो आणि मंडल वाचते. उपकरण बंद पडते, पण बंद पडणे आणि जळणे यांतील अंतर हेच या रचनेचे सारे श्रेय आहे.

जेथे फ्यूज बदलायला कोणी पोहोचू शकत नाही, अशा ठिकाणची कसोटी बंगळुरूनेच घेतली. पीण्या येथील शेडमध्ये उ. रा. राव यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला आर्यभट हा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेला, आणि काही दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. अवकाशातील पुरवठा जमिनीवरच्या पुरवठ्याहून वेगळ्या रीतीने वागतो. पृथ्वीच्या सावलीतून बाहेर येणारे सौरपट्ट गोठलेले असतात, आणि थंड सौरघट अधिक दाब देतात. म्हणजे प्रत्येक प्रदक्षिणेत सूर्योदयाबरोबर अतिदाबाचा धोका उभा राहतो. त्यासाठी अनेक उपग्रहांत शंट नियामक वापरले जातात, जे नको असलेला प्रवाह पुरवठ्याच्या वाहिनीवर येण्याआधीच दुसरीकडे वळवतात. अवकाशात जमीन नसली, तरी जादा ऊर्जेला वाट द्यावी लागतेच.

जमिनीवरचा, त्यातही गावातला प्रश्न टेलिफोनने पुढे आणला. १९८४ मध्ये दिल्ली व बंगळुरू येथे केंद्रे घेऊन सी-डॉट ही दूरसंचार तंत्रज्ञान विकसित करणारी संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेल्या एम. व्ही. पिटके यांच्यासारख्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. वातानुकूलनाविना चालणारे तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन केंद्र १९८६ मध्ये प्रथम बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसवले गेले. टेलिफोनची तार शेतांवरून आणि झाडांमधून जाते, म्हणून विजेचा लोट थेट केंद्रातील चिपपर्यंत आणण्याची तिची क्षमता मोठी असते. तो लोट तारा जेथे केंद्रात शिरतात त्या चौकटीवरच अडवण्यासाठी वायूने भरलेली बारीक नळी वापरण्याची पद्धत आहे. केंद्राचा दाब ४८ व्होल्ट आणि घंटीचा सुमारे ७५ व्होल्ट असतो. त्या दाबांना नळी निद्रिस्त राहते आणि साधारण २३० व्होल्टांवर तिच्यातील वायू वाहक बनून लोट जमिनीत सोडतो. ही नळी हजारो अँपिअर पेलते, पण जागी होण्यास थोडा वेळ घेते, म्हणून तिच्यामागे रोधक आणि त्याच्यामागे चपळ डायोड अशी उतरंड रचली जाते : पहिला बळकट, शेवटचा वेगवान, आणि मधला त्या दोघांना आपापले काम करण्यास वेळ देणारा.

घराघरांतील उपकरणांपर्यंत संरक्षण पोहोचवण्याचे श्रेय जस्ताच्या ऑक्साइडला जाते. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे पाहिले, की इतर धातूंच्या ऑक्साइडांचे किंचित मिश्रण करून भाजलेली जस्त ऑक्साइडची चकती ठरावीक दाबापर्यंत जवळजवळ विद्युतनिरोधक राहते आणि त्यापुढे तिचा रोध एकाएकी कोसळतो. या चकतीला धातू-ऑक्साइड व्हॅरिस्टर म्हणतात आणि आज एलईडी दिव्यापासून धुलाईयंत्रापर्यंत ती सर्वत्र आढळते. तथापि तिची मर्यादा भारतीय वितरणातच विशेष उघडी पडते. आपल्याकडे रस्त्यावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा जातात आणि प्रत्येक घराला एक फेज व न्यूट्रल मिळून सुमारे २३० व्होल्ट मिळतात. वळवाच्या पावसात फांदी पडून किंवा सांधा गंजून न्यूट्रल तुटला, तर दोन घरे नकळत दोन फेजमध्ये एकापुढे एक जोडली जातात आणि ज्या घरात भार कमी त्याच्या वाट्याला ४०० व्होल्टांच्या आसपासचा दाब येतो. २३० व्होल्टांच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्ट असते, तर ४०० व्होल्टांचे सुमारे ५६५. दूरदर्शन संचातील पुरवठ्याचा ४०० व्होल्टांचा संधारित्र त्यात फुटतो, आणि २७५ व्होल्टांसाठी नेमलेला व्हॅरिस्टर, जो क्षणाच्या लोटासाठी घडवला आहे, तो मिनिटभर वाहत राहून जळून जातो. म्हणून चांगल्या रचनेत व्हॅरिस्टरच्या आधी फ्यूज आणि सोबत उष्णतेने तुटणारा दुवा असतो, आणि रेंगाळणाऱ्या अतिदाबासाठी पुरवठाच तोडणारा वेगळा रिले लागतो. व्हॅरिस्टरवर चालणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला म्हणजे सर्व प्रकारच्या अतिदाबापासून सुटका झाली, हा व्यापक समज या कारणाने चुकीचा ठरतो.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत विकासकेंद्र उघडले आणि चिपचा आराखडा आखण्याचे काम या शहराच्या ओळखीचा भाग होत गेले. तेथे संरक्षणाने शेवटचे पाऊल टाकले. आजच्या ट्रान्झिस्टरचा विद्युतनिरोधक थर काही नॅनोमीटर जाड असतो आणि कोरड्या दिवशी माणसाच्या बोटावर साठणारा स्थितिक भार हजारो व्होल्टांचा असतो, म्हणून चिपच्या प्रत्येक पायाशी तिच्याच सिलिकॉनमध्ये संरक्षक डायोड कोरावे लागतात. शिवनसमुद्रच्या तारेवरील शिंगांपासून निघालेला रक्षक असा सव्वाशे वर्षांत रक्षिताच्या अंगातच येऊन बसला.

या प्रवासात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. फट, नळी, व्हॅरिस्टर यांनी वळवलेला लोट शेवटी अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जायचा असतो, आणि ती तार तुटलेली किंवा कोरड्या मातीत पुरलेली असेल तर वळवलेला लोट पुन्हा उपकरणाकडेच परततो. बंगळुरू शहर नाइस या कठीण खडकावर वसले आहे. लालबागेतील सुमारे तीनशे कोटी वर्षे जुना खडक त्याचेच उघडे पडलेले अंग आहे. असा खडक विजेला सहज आत घेत नाही, म्हणून येथे अर्थिंगचा खड्डा खोल खणावा लागतो, त्यात कोळसा व मीठ किंवा ओल धरणारी बेंटोनाइट माती भरावी लागते, उन्हाळ्यात पाणी घालावे लागते आणि वर्षातून एकदा तरी त्याचा रोध मोजावा लागतो. नवनव्या घटकांच्या शोधांनी संरक्षणाचा पल्ला वाढवला, पण त्यांतील बहुतेकांनी आपले ओझे अखेर याच खड्ड्याकडे सोपवले. न्यूट्रलचा सांधा आवळणारा वायरमन आणि खड्ड्यात पाणी घालणारा मदतनीस यांचे काम म्हणूनच या इतिहासात प्रयोगशाळेच्या आणि कारखान्याच्या बरोबरीने मोजले पाहिजे. त्यांनी कुचराई केली, तर चिपमध्ये कोरलेल्या डायोडलाही तिची भरपाई करता येत नाही.