रोगजंतूंची देवघेव



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींनी मला जीवशास्त्राचा पहिला धडा दिला : गुण आईबापांकडून अपत्यांकडे उतरतात. पुढे मीही याच शाळेत वर्षानुवर्षे तोच धडा शिकविला. जीवाणूंच्या बाबतीत मात्र तो अपुरा आहे, आणि त्याची किंमत जगभरचे रुग्ण मोजीत आहेत. म्हणून हा विषय निवडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या शिगेला जंतूंवर सल्फा औषधे सर्रास वापरली गेली. काही वर्षांतच ती निष्प्रभ झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५ साली या चारही औषधांना न जुमानणारा शिगेला एका रुग्णात सापडला. जनुकातील आकस्मिक बदलाने एखादे औषध निकामी व्हावे, हे समजण्यासारखे होते. परंतु असे चार बदल एकाच जंतूत एकदम घडणे जवळजवळ अशक्य. शिवाय अशा रुग्णांच्या आतड्यांतील एरवी निरुपद्रवी असणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंतही तोच चौपदरी प्रतिकार आढळू लागला.

१९५९ साली ओचिआई आणि अकिबा या संशोधकांनी प्रतिकारक्षम ई. कोलाय व औषधाला बळी पडणारे शिगेला एकत्र वाढविले. तेव्हा शिगेलाही प्रतिकारक्षम झाले! कोडे उलगडले. मुख्य गुणसूत्राखेरीज अनेक जीवाणूंपाशी डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. एक जीवाणू सूक्ष्म तंतूने दुसऱ्याशी जोडला जातो आणि प्लास्मिडची प्रत त्याला देतो. मूळ वर्तुळ स्वतःपाशी राहतेच. विद्या दिल्याने उणी होत नाही, तसेच हे दान. त्यात जातीचीही आडकाठी नेहमीच नसते. एकाच प्लास्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात; म्हणून एका औषधाच्या वापराने इतर औषधांविरुद्धचा प्रतिकारही टिकून राहतो.

'शरीराला औषधाची सवय झाली' असे आपण म्हणतो, ते खरे नव्हे. प्रतिकार शरीरात नसून जंतूंत असतो. औषध त्यांपैकी दुर्बळांना मारते आणि प्रतिकारक्षमांना रान मोकळे करून देते. साध्या सर्दीचे विषाणू प्रतिजैविकाने मरत नाहीत. आतड्यांतील जीवाणूंची मात्र अशी निवड होते, आणि त्यांचे प्लास्मिड उद्या एखाद्या रोगजंतूच्या हाती पडते.

माणसाबरोबर जनावरांचाही विचार करावा लागतो. कोलिस्टिन या राखीव औषधाविरुद्धचे, प्लास्मिडवरून पसरणारे जनुक २०१५ साली चीनमधून जाहीर झाले. ते डुकरांतही आढळले होते. भारताने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

मित्रहो, वैद्याच्या सल्ल्यावाचून घेतलेली, किंवा शेजाऱ्याच्या उरलेल्या औषधांतून मागून आणलेली गोळी ही केवळ आपली खाजगी बाब नाही. तिने निवडलेला जंतू आपल्या घरात थांबत नाही. स्वच्छ पाणी, धुतलेले हात आणि वेळेवर टोचलेली लस यांनी आजारच टळतो, मग औषधाची गरजही टळते. गुरुजींच्या धड्यात मी आज एवढीच भर घालतो.