सर्वोत्कृष्ट पारंपरिक पॉप गायन अल्बमसाठीचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार

सर्वोत्कृष्ट पारंपरिक पॉप गायन अल्बमसाठीचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार हा लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीतर्फे दरवर्षी दिला जाणारा एक संगीत पुरस्कार आहे. इ.स. २०१२ पासून तो दिला जातो. बोलेरो, बालादा म्हणजे भावप्रधान संथ गीत, आणि वाद्यवृंदाच्या साथीने गायिलेली प्रेमगीते अशा जुन्या वळणाच्या लॅटिन पॉप गायनाचा गौरव करणे हा या विभागाचा उद्देश आहे. एकल गायक-गायिका, जोड्या आणि समूह या सर्वांना तो खुला आहे.

पार्श्वभूमी

लॅटिन रेकॉर्डिंग अकादमीची स्थापना १९९७ मध्ये झाली. पहिला लॅटिन ग्रॅमी सोहळा १३ सप्टेंबर २००० रोजी लॉस एंजेलसमध्ये पार पडला. तत्पूर्वी अमेरिकेच्या मूळ ग्रॅमी पुरस्कारांत लॅटिन संगीतासाठी मोजकेच विभाग होते. त्यांपैकी लॅटिन पॉपचा विभाग १९८४ मध्ये सुरू झाला होता. स्वतंत्र लॅटिन ग्रॅमीमुळे स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतील संगीताचे अधिक बारकाईने वर्गीकरण करणे शक्य झाले. कलावंताचा देश कोणता यापेक्षा ध्वनिमुद्रणाची भाषा कोणती, याला येथे अधिक महत्त्व असते.

२०११ पर्यंत पॉप गायनाच्या अल्बमसाठी तीन वेगळे पुरस्कार होते : गायिका, गायक, आणि जोडी किंवा समूह. २०१२ मध्ये हे तिन्ही विभाग रद्द होऊन त्यांच्या जागी ‘समकालीन पॉप’ आणि ‘पारंपरिक पॉप’ असे दोन विभाग आले. मूळ ग्रॅमी पुरस्कारांतही त्याच वर्षीच्या सोहळ्यापासून स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग बंद झाले. या बदलामुळे स्पर्धेचा आधार गाणाऱ्याच्या लिंगाऐवजी गायनाची शैली हा झाला. मात्र पुरस्कारांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि पूर्वी गायिकांसाठी निश्चित असलेले स्थान राहिले नाही.

‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थ

येथे ‘पारंपरिक’ म्हणजे लोकसंगीत नव्हे. लोकसंगीतासाठी लॅटिन ग्रॅमीत स्वतंत्र विभाग आहे. या पुरस्कारातील परंपरा विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रित गीतांची आहे. तिचे एक मूळ बोलेरो या प्रकारात आढळते. बोलेरो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्युबाच्या पूर्व भागात उदयास आला आणि पुढे मेक्सिकोत विशेष लोकप्रिय झाला. २०२३ मध्ये युनेस्कोने क्युबा आणि मेक्सिको यांच्या प्रस्तावावरून त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. १९६० च्या दशकात बालादा हा प्रकार रूढ झाला. १९९१ मध्ये लुईस मिगेल यांच्या ‘रोमान्से’ या अल्बममुळे बोलेरो नव्या पिढीच्या श्रोत्यांपर्यंत पुन्हा पोहोचला.

निकष

अल्बमच्या एकूण कालावधीपैकी किमान ५१ टक्के भाग नव्याने ध्वनिमुद्रित केलेला असावा लागतो. गीते मात्र नवीच असली पाहिजेत असे नाही. त्यामुळे जुन्या गीतांचे नवे गायन किंवा रंगमंचीय कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रणही स्पर्धेत येऊ शकते. नामांकने आणि विजेते अकादमीच्या सदस्यांच्या मतदानातून ठरतात.

निवडक विजेते

२०१२ : दाविद बिस्बाल (स्पेन) – ‘उना नोचे एन एल तेआत्रो रेआल’
२०१६ : हुआन गाब्रिएल (मेक्सिको) – ‘लोस दुओ २’
२०१७ : लिला डाउन्स (मेक्सिको) – ‘सालोन, लाग्रिमास इ देसेओ’
२०१८ : लाउरा पाउझिनी (इटली) – ‘आस्ते सेन्तिर’
२०१९ : फोन्सेका (कोलंबिया) – ‘आगुस्तिन’
२०२२ : क्रिस्टिना अगिलेरा (अमेरिका) – ‘अगिलेरा’
२०२३ : आंद्रेस सेपेदा (कोलंबिया) – ‘देसिमो क्वार्तो’

उल्लेखनीय बाबी

बिस्बाल यांचा अल्बम माद्रिदच्या तेआत्रो रेआल या संगीतिकागृहातील कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झाला होता. हुआन गाब्रिएल यांना हा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्यांचे निधन २८ ऑगस्ट २०१६ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील सोहळ्यात ‘लोस दुओ २’ या अल्बमला हा पुरस्कार तसेच वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार जाहीर झाला. या अल्बममध्ये त्यांनी आपली जुनी गीते इतर कलावंतांसह नव्याने गायिली होती.

जुन्या आणि नव्या रचनेतील फरक दोन गायिकांच्या कारकिर्दींतून स्पष्ट होतो. पाउझिनी यांनी २००५, २००७ आणि २००९ मध्ये गायिकांसाठीचा पुरस्कार जिंकला होता. २०१८ मध्ये त्या गायक आणि समूह यांच्याबरोबरच्या खुल्या स्पर्धेत विजयी झाल्या. अगिलेरा यांना २००१ मध्ये ‘मि रेफ्लेहो’ या स्पॅनिश अल्बमसाठी गायिकांचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचा ११ सप्टेंबरचा नियोजित सोहळा अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांमुळे रद्द झाला होता. २१ वर्षांनंतर त्यांना पारंपरिक पॉपचा पुरस्कार मिळाला.

२०२३ चा सोहळा स्पेनमधील सेव्हिया येथे झाला. अमेरिकेबाहेर झालेला तो पहिला लॅटिन ग्रॅमी सोहळा होता.

समान नावाचा पुरस्कार

मूळ ग्रॅमी पुरस्कारांतही पारंपरिक पॉप गायन अल्बमसाठी एक विभाग आहे. टोनी बेनेट यांना तो अनेकदा मिळाला. तो रेकॉर्डिंग अकादमीतर्फे दिला जातो आणि लॅटिन ग्रॅमीपेक्षा वेगळा आहे.