तेल वेगळे, पाणी वेगळे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोपडून पहिला तांब्या ओतला, की पाणी थेंबाथेंबांनी ओघळून जाते. अंग म्हणावे तसे भिजतच नाही. मग उटण्याचा नि शिकेकाईचा हात फिरतो आणि मोरीतून गढूळ पाणी वाहू लागते. तेल नाहीसे झालेले नसते. बारीक कण होऊन पाण्यात मिसळलेले असते, एवढेच.

संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे माया आणि तेलही. पाण्याशी मात्र या स्नेहाचे कधी जमले नाही, ही कोटी मी वर्गात दरवर्षी करतो. मुले सवयीने हसतात. पण ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एम.एस.सी. चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली आणि सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत, तिवरांच्या मुळांपर्यंत पोचले, तेव्हा हसण्याजोगे काही नव्हते. असे तेल पाण्यातून निवडायचे कसे?

चाळणीने, असे कुणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण चीनमधील जियांग लेइ यांच्या चमूने २००४ साली पोलादी जाळीला टेफ्लॉनचा लेप दिला. निर्लेप तव्याला असतो तोच. तेल खाली उतरले, पाणी वर राहिले! मात्र पाणी जड. ते तळाशी बसून तेलाची वाट अडवी, आणि तेलकट झालेली जाळी तुंबे ती वेगळीच.

उत्तर माशाकडे सापडले. पाण्यात असताना माशाच्या खवल्यांना तेल चिकटत नाही, कारण खवले पाण्याचा पातळ थर धरून ठेवतात. तेलाची गाठ खवल्याशी पडतच नाही, पाण्याशी पडते. आणि त्यांचे वैर तर जुनेच! २०११ साली याच मंडळींनी जाळीला पाणी पिणाऱ्या, जेलीसारख्या पदार्थाचा लेप दिला. आता पाणी खाली, तेल वर. अट एकच : जाळी आधी भिजवून घ्यायची. थालीपीठ थापताना हात ओला करतात ना, तसे.

शिकेकाईच्या पाण्यातले तेल मात्र या जाळीलाही दाद देत नाही. मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक कण भोकांतून सरळ निघून जातात. त्यांना अडवायला त्याहून कितीतरी सूक्ष्म छिद्रांचे पापुद्रे लागतात. प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाचे. त्यांतून पाणी दाब देऊन ढकलावे लागते, ते हळूहळू झिरपते, आणि छिद्रे बुजली की पापुद्रा पुन्हा धुवावा लागतो.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने घरात सांगितले. कढईतले चकलीचे तेल गाळता गाळता हिने एवढेच विचारले, “आणि तो धुवायचा कुणी?”