तळहातावरचा पाऊस

संध्याकाळची कर्जत फास्ट दादरला लागते तेव्हा डब्यात मुंगी शिरायला जागा नसते. तरीही दहा जण चढतात. "आत चला, आत चला" होतं, कुणाची बॅग कुणाच्या बरगडीत रुतते, आणि गाडी हलली की सगळे एकमेकांच्या आधाराने स्थिर होतात. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. खिडकीजवळच्या दोन बाकड्यांच्या मध्ये सात-आठ जण. दोघांकडे टाळ, एक जण डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरणारा. दिवसभर कारकुनी, फिटरकी, हिशेब करून आलेली ही माणसं घाटकोपर यायच्या आत असा काही सूर लावतात की दारात लटकणारी पोरंसुद्धा मान डोलावतात.

याच गर्दीत गेली काही वर्षं माझाही एक नेम आहे. एका हातानं वरची कडी धरायची आणि दुसरा तळहात, जागा मिळाली तर, उताणा धरायचा. मग मनात मोजायचं: एक, दोन, तीन. साधारण प्रत्येक सेकंदाला त्या तळहातातून एक कण आरपार जातो. लोकलचं छत, माझी कातडी, हाडं, खालचा पत्रा, रूळ, खडी हे सगळं ओलांडून तो जमिनीत शिरतो. त्याचं नाव म्युऑन. इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण वजनाला सुमारे दोनशेपट. समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक, असा हा पाऊस अखंड चालू असतो. त्याला पावसाळा-उन्हाळा नाही, आणि छत्रीचा काही उपयोग नाही.

हा पाऊस मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून इतक्या खात्रीनं सांगतो. एका विज्ञान प्रदर्शनात मुलांनी क्लाउड चेंबर बनवला होता. माशांच्या टाकीएवढी काचेची पेटी, वरच्या बाजूला अल्कोहोलमध्ये भिजवलेली फेल्टची पट्टी, खाली काळा पत्रा आणि त्याखाली कोरड्या बर्फाच्या लाद्या. खोलीतले दिवे मालवले, बाजूनं टॉर्च मारला. दोन-तीन मिनिटं काहीच नाही, नुसती पत्र्यालगत तरंगणारी धुकट साय. मग अचानक एक पांढरी रेघ उमटली. कोऱ्या पाटीवर कुणी पेन्सिल ओढावी तशी सरळ, बारीक, वीतभर लांब. क्षणभर थांबली, कडेनं विस्कटली आणि विरून गेली. तोवर दुसरीकडे दुसरी. कण जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, त्या विद्युतभारित अणूंवर थंडगार वाफ थेंबाथेंबानं जमते आणि रेघ दिसते. विमान दिसेनासं झाल्यावर निळ्या आभाळात त्याची पांढरी रेषा उरते, तसंच हे. जाड, आखूड रेघा वेगळ्या कणांच्या असतात, वेड्यावाकड्या रेघा इलेक्ट्रॉनच्या. लांब आणि सरळ जाणारे बहुतेक म्युऑन. मी तिथे पाऊण तास उभा होतो. सोबत आलेला पुतण्या दोनदा हात ओढून कंटाळला.

हे कण येतात कुठून? ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस 7 ऑगस्ट 1912 रोजी बलूनमधून सुमारे 5,300 मीटर उंच गेला. जमिनीतून निघणारी किरणं उंचावर कमी होतील अशी अपेक्षा होती. ती वाढत गेली. म्हणजे ती वरून येत होती. आज आपल्याला ठाऊक आहे की ही वैश्विक किरणं म्हणजे मुख्यतः प्रोटॉन. त्यांपैकी बहुतेकांना वेग मिळाला तो ताऱ्यांच्या महास्फोटांतून उसळलेल्या लाटांमध्ये, असं मानलं जातं. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रांत लाखो वर्षं भरकटत एखादा प्रोटॉन पृथ्वीच्या हवेवर येऊन आदळतो, आणि त्या टकरीच्या कचऱ्यातून, जमिनीपासून सुमारे 15 किलोमीटर उंचीवर, म्युऑन जन्मतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला तळहात उताणा धरावासा वाटतो.

म्युऑनचं आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दोन घ्या, एवढंच. तो प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावला तरी इतक्या वेळात कापणार किती? साधारण 660 मीटर. अंतर आहे 15 किलोमीटर, म्हणजे सीएसएमटी ते कुर्ला. हिशेबानं जवळजवळ एकही म्युऑन खाली पोचायला नको. आणि इथे तर ते माझ्या हातावर पडताहेत.

उत्तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत आहे. इतक्या वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या हिशेबानं मंद चालतं. आपण पन्नास मायक्रोसेकंद मोजतो, तेवढ्यात त्याचे जेमतेम दीड-दोन उलटलेले असतात. म्युऑनच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचं घड्याळ अगदी व्यवस्थित चाललेलं असतं, समोरचं अंतरच आखडलेलं असतं. सीएसएमटी ते कुर्ला त्याच्यासाठी दोन प्लॅटफॉर्मांच्या लांबीएवढं होतं. दोन्ही वर्णनं खरी, आणि दोन्हींचा निकाल एकच: तो पोचतो. त्याच्या जन्मापासून माझ्या हातापर्यंतच्या त्या सगळ्या प्रवासात आमची फास्ट लोकल पुढे सरकते सुमारे एक मिलिमीटर.

अशा कणाचा क्षय म्हणजे त्यानं बरोबर वागवलेलं घड्याळच आहे, आणि त्यावरून आइन्स्टाइनचा सिद्धांत थेट तपासता येईल, हे 1938 साली केंब्रिजमधून लिहिणारा तरुण याच मुंबईत जन्मलेला होता. होमी भाभा. वय तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस. पुढे अमेरिकेत ती तपासणी झाली. 1960च्या दशकाच्या आरंभी फ्रिश आणि स्मिथ या दोघांनी माउंट वॉशिंग्टनच्या सुमारे 1,910 मीटर उंच माथ्यावर ठरावीक वेगाचे म्युऑन मोजले. तासाला साधारण 563. तीच यंत्रणा समुद्रसपाटीला आणली. काळ सगळ्यांसाठी सारखा वाहत असता तर तिथे सुमारे 27 उरायला हवे होते. मिळाले 412 च्या आसपास. या आकड्यांपाशी मी नेहमी थबकतो. 27 आणि 412 यांच्यातली दरी म्हणजे काळ खरोखर ताणला गेल्याचा पुरावा, आणि तो दर सेकंदाला माझ्या तळहातातून जातो.

माझी आजी माळकरी होती. चराचरात तोच भरलाय, असं ती ताक घुसळतानाही म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. तिचा माझ्यावर विश्वास होता आणि माझा तिच्यावर, पण तिला जे जाणवायचं ते मला कधी जाणवलं नाही. पहिल्यांदा जाणवलं ते त्या काळ्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटताना. आपण चामडीपाशी संपत नाही, हे मला तेव्हा शब्दशः दिसलं. आजीला म्युऑन ठाऊक होते असं मी म्हणणार नाही. जुन्या ग्रंथांत नवं विज्ञान शोधण्याचा खटाटोप मला पटत नाही. त्यात ग्रंथाचा आणि विज्ञानाचा, दोघांचाही अपमान होतो. मला एवढंच म्हणायचंय की तिला जे नतमस्तक व्हावंसं वाटायचं, तसंच मलाही वाटलं, आणि मोजमाप केल्यानं ते तसूभरही कमी झालं नाही. उलट आकडा नेमका होत जातो तसा माझा श्वास अधिक अडखळतो.

हा पाऊस थांबतो कुठे, असाही प्रश्न मला पडला होता. पूर्वी आमची फास्ट लोकल ठाण्याच्या पुढे पारसिकच्या बोगद्यात शिरायची. अंधार होताच पोरं आरोळ्या ठोकायची, आणि मी मनात म्हणायचो, आता वर डोंगर आहे, आता सरी विरळ झाल्या. खडक जितका जाड तितके म्युऑन कमी. हाच हिशेब उलटा मांडून 2017 साली गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये, एकही दगड न हलवता, एक मोठी अज्ञात पोकळी सापडली: त्या दिशेनं अपेक्षेपेक्षा जास्त म्युऑन येत होते.

पण खरी शांतता होती कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत. भाभांनी उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी तिथे एकेक पातळी खाली उतरत म्युऑन मोजले. जसजसं खोल जावं तसतसे ते कमी होत गेले. 2,760 मीटर खोलीवर दोन महिने यंत्र चालू ठेवलं, आणि एकही आला नाही. माझ्या तळहातावर सेकंदाला एक, आणि तिथे दोन महिन्यांत शून्य. खाणीतली उकाड्याची, दमट, काळोखी पोकळी. वर पावणेतीन किलोमीटर खडक. आणि आकाशापासून इतकी दूर, इतकी निवांत जागा. ज्यांनी हे शून्य नोंदवलं ते निराश झाले नाहीत. इतका गोंगाट थांबला असेल तर इथे न्यूट्रिनोची चाहूल लागू शकेल, हे त्यांनी ओळखलं. न्यूट्रिनो संपूर्ण पृथ्वीतून आरपार जातात आणि क्वचितच कुठे अडतात. जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत सुमारे 2,300 मीटर खोलीवर यंत्रं बसवली गेली, आणि 1965 साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण तिथे मिळाली. जगातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना बाहेरची घंटा आणि गलका मागे पडतो, आणि समईच्या वातीची बारीकशी तडतडसुद्धा ऐकू येते. त्या खाणीबद्दल वाचताना मला नेहमी तेच आठवतं.

मागच्या महिन्यात मुलुंडला जरा गर्दी हलली आणि मला भजनवाल्यांच्या शेजारी चौथी सीट मिळाली. भजन संपलं होतं. टाळवाले काका बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते.

"काय मोजताय रोज?" त्यांनी विचारलं. "जप करता का?"

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून, मध्ये मध्ये ठाणं-कळवा होत असताना. मरणाऱ्या ताऱ्यांपासून सुरुवात केली आणि मंदावलेल्या घड्याळापर्यंत आलो. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "आत्ता? या डब्यात?"

"आत्ता," मी म्हटलं.

त्यांनी टाळ मांडीवर ठेवले. दोरीच्या घट्ट्यांनी कडक झालेला उजवा तळहात उताणा केला, माझ्या हाताशेजारी धरला आणि डोळे मिटले. दिवा गेलं, कोपर गेलं. डोंबिवलीला उतरणाऱ्यांचा लोंढा आमच्या अंगावरून गेला, तरी त्यांनी हात मिटला नाही.